एका चेंडूवर दोघी

मोहाचा तांडा, पोस्ट बोरी अरब, ता. दारव्हा
१२ ऑगस्ट २०२४

चि. संगीता,

बापूचा जय सेवालाल. उत्तर धाडशीन तं पिन कोड बरोबर टाकजो, हे पहिलं. बाकी खुशाली मंग.

सव्वीस वर्षं झाले मी डाकसेवक आहो. सहा गावं अन् दोन तांड्यायच्या चिठ्ठ्या या सायकलीवरून वाटल्या. लोकायच्या पोरायच्या, जावयायच्या, कोर्टाच्या, बँकेच्या. पण माह्या सोताच्या नावाची चिठ्ठी आजवर एकच आली, तीही खात्याची, अन् तिच्यात माह्यं नाव देवलाल लिहेल होतं. म्हणून तुमच्या प्रेरणा मॅडमनं शिबिरात पोरीयचे मोबाईल जमा करून घेतले हे आयकून तुही याडी रडली, मायचं काळीज ते, पण मी मनातल्या मनात खूश झालो. म्हटलं आता तरी पोट्टी लिहीन. मॅडमचा नंबर आहे माह्याजवळ, पण तो मरणाधरणासाठी. बाकी सारं अंतर्देशीय पत्रावर.

तांड्यात रोज कोणी ना कोणी इचारते, देवीलाल, पोरगी बंगलोरले काय कराले गेली? मी सांगतो, नोव्हेंबरात आठ देशाच्या पोरीयचा गोल्फचा सामना आहे, त्यात भारताच्या सहा पोरी आहे, अन् त्या सहात माही एक आहे. मंग म्हणते, गोल्फ म्हंजे काय? मी सांगतो, काठीनं चेंडू मारत मारत दूरच्या बिळात घालाचा. मंग म्हणते, एवढ्यासाठी सरकार इमानानं नेते? आता त्यायले काय सांगू! दहा वर्षांची होती तवा तुले शिकाले लालसिंग काकाजवळ नागपूरले धाडलं. तो तिथं गोल्फच्या मैदानावर माळी. गवत कापता कापता त्यानं तुह्या हातात एक मोडकी काठी देली, अन् त्या काठीनं तुले कुठल्या कुठं नेलं. मले तं अजूनही खरं वाटत नाही.

तीजच्या सणाची गव्हाची टोपली तुह्या याडीनं तुह्या नावानं पेरली आहे. पाणी तांड्यातल्या पोरी घालून राह्यल्या.

सहापैकी चौघीच मैदानात उतरतील म्हणे. त्या चौघीत तू पाह्यजे. एवढंच मागणं आहे.

तुहा बापू,
देवीलाल राठोड, डाकसेवक

.

शिबिर, बंगलोर
२२ ऑगस्ट २०२४

बापू,

पाया पडते. याडीच्याही. पिन कोड तीनदा तपासला, आता तरी हसा.

इथलं गवत पाहून लालसिंग काकाची आठवण येते. काका असता तं पहिले खाली बसून गवत हातानं चाचपलं असतं, अन् मंग इथल्या माळ्यासंग भांडण केलं असतं. सकाळी पाच वाजता उठवते, पळवते, मंग दिवसभर खेळ. जेवण बरं आहे, पण भाकर नाही. ज्वारीची भाकर मागितली तं आचारी माह्याकडं असा पाहे, की मी त्याचं घरच मागितलं.

माह्या खोलीत अर्पिता आहे. कलकत्त्याची. उंच, चष्मेवाली, रोज रात्री घरची आठवण काढते अन् मले 'शोंगीता' म्हणते. आम्ही हिंदीत बोलतो, तिची हिंदी माह्यापेक्षा वाईट. पोरगी सोन्यासारखी आहे. पण बापू, तिच्यापाईच मी अडचणीत आहो.

झालं असं. सामन्यात दोन पोरी एकेकट्या खेळतील अन् दोघी जोडीनं. जोडीचा खेळ अजब आहे. चेंडू एकच. पहिला फटका माहा असला तं दुसरा अर्पिताचा, तिसरा माहा, चौथा तिचा, असं बिळात जाईस्तोवर. समोरच्या जोडीचंही तसंच. ज्या जोडीनं कमी फटक्यात घातला, ते होल तिचं. असे अठरा होल. मॅडमच्या मनात जोडीसाठी मी अन् अर्पिता आहो. एकेरीसाठी दुसऱ्या दोघी ठरल्यासारख्याच आहे, तवा चौघीत यायचं तं मले या जोडीतूनच यावं लागन.

मी लहानपणापासून एकटी खेळत आली. मैदान खाली झालं की काका मले आत सोडे, अन् मी, काठी अन् चेंडू. दुसरं कोणीच नाही. आता मी चांगला मारते अन् अर्पिता तो झाडीत घालते, मंग तिथून काढाचा मी. किंवा मी बिळाजवळ नेऊन ठेवते अन् शेवटचं मारते ती. हात शिवशिवते बापू. जमून नाही राह्यलं.

पोळ्याची करंजी डाकेनं येते का, ते डाकसेवकानं कळवावं.

तुमची संगीता

.

मोहाचा तांडा
४ सप्टेंबर २०२४

चि. संगीता,

करंजी डाकेनं येत नाही. मुंग्या येतात. परवा पोळा झाला, तुह्या वाट्याची मी खाल्ली.

तुही चिठ्ठी मी चारदा वाचली अन् मले राग आला. हा कोणता खेळ? तुवा मारलेला चेंडू दुसरीनं काहून मारायचा? अन् दुसरीनं घाण केली ती तुवा काहून निस्तरायची? ज्यानं नियम बनवला त्यानं कधी काम केलेलं दिसत नाही. तुह्या मॅडमले राग येत नसन तं माह्या नावानं सांगजो.

हे पाय. तुले एक गोष्ट सांगतो, आजवर सांगतली नाही. तुह्या जन्माच्या साली तुही याडी बोरीच्या सदाशिवरावाच्या वावरात तण निंदाले जाये. कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी होती. निंदणात हरेक बाईची आपली पात असते, दोन ओळीची, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. जिची पात तिनंच पुरी कराची. मांगं राह्यली तं लोकं नाव ठेवते. तुही याडी भरल्या दिवसाची. मी म्हटलं, नको जाऊ. आयकते थोडी! गेली, संध्याकाळी आपली पात धुऱ्याले लावूनच घरी आली, अन् पहाटे तू झाली. दुसऱ्या दिवशी सदाशिवराव सोता मले म्हणाले, देवीलाल, तुही बायको म्हंजे बाई नाही, मशीन आहे. पूर्ण पात, पूर्ण मजुरी. ही गोष्ट मी बावीस वर्षं छातीत घेऊन फिरून राह्यलो.

त्या बाईची तू पोरगी आहे. आपण दुसऱ्याच्या गळ्यात आपलं अर्धं काम टाकणारी माणसं नाही. मीही आजवर माहा थैला कोणाच्या खांद्यावर देला नाही, तापातही नाही. तवा नियम असतील नियमाच्या जागी, पण मनात हेच ठेवजो, आपली पात आपणच धुऱ्याले लावायची. मंग पाय कशी चौघीत येते.

बापू

.

शिबिर, बंगलोर
१६ सप्टेंबर २०२४

बापू,

चिठ्ठी भेटली. याडीची गोष्ट वाचून लय बरं वाटलं. सराव जोरात चालू आहे, येळ भेटत नाही, म्हणून थोडकंच लिहिते. इथं सगळं झकास. पहिली निवड-चाचणी झाली. निकालाचं मंग कळवीन. काळजी करू नका. सायकलीचे ब्रेक नीट करून घ्या, मांगच्या खेपेले पाह्यले तं ढिले होते.

याडीले सांगा, मी बरोबर जेवते.

संगीता

.

मोहाचा तांडा
१ ऑक्टोबर २०२४

चि. संगीता,

अक्षर वेगळं दिसलं तं घाबरू नको. माहा चष्मा तुटला म्हणून मी सांगून राह्यलो अन् तुही याडी लिहून राह्यली.

(चष्मा नाकावरच आहे. हात तुटला. उजवा, मनगटात, दोन जागी. नाल्याच्या रपट्यावर सायकल घसरली, ब्रेक लागले नाही. दारव्ह्याले नेऊन प्लास्टर केलं. हे मी कंसात लिहून राह्यली, त्यायले दिसत नाही, त्यायचं ध्यान बाहेर आहे. याडी.)

इथं सारे मजेत. मीही मजेत. डाकेचं काम रोजच्यासारखंच चालू आहे, एकही दिवस खाडा नाही.

(प्लास्टर बांधून आठ दिवस एका हातानं थैला घेऊन पायी फिरले. कोणाले हात लावू देला नाही. मंग एका पोट्ट्याचा नोकरीच्या मुलाखतीचा कागद नाल्यात पडला. पोट्ट्यानं काही म्हटलं नाही, पण ह्यायनं दोन दिवस अन्न गोड करून खाल्लं नाही. मी कागद तव्यावर वाळवून नेऊन देला. शेवटी खात्यात अर्ज केला अन् त्यायच्या बदली आता थैला मी नेते. मी दहावी पास आहो, दुसऱ्या खेपेले का होईना, पण पास. बाया मले पाहून हासल्या, मंग चिठ्ठ्या वाचून मागाले लागल्या. मले मजा येते. हे त्यायले सांगू नको.)

चाचणीचा निकाल काहून नाही कळवला? पंधरा दिवस झाले. मी तांड्यात सांगून बसलो की पोरगी चौघीत आली. माह्या शब्दाले पाणी लावू नको. आपली पात आठवते ना?

पऱ्हाटी फुटाले लागली. पंधरा दिवसात वेचणी चालू होईन. मी एकटाच वेचून टाकीन, तीन एकराचं काय एवढं.

(एका हातानं! आयकलं?)

(आता हे म्हणते, काय लिहिलं ते वाचून दाखव. दाखवलं. कंसातलं सोडून.)

बापू, अन् याडी

.

शिबिर, बंगलोर
८ ऑक्टोबर २०२४

बापू, याडी,

कंसातलं वाचून मी संडासात जाऊन रडली, कारण खोलीत अर्पिता होती.

आता मीही खरं सांगते. सप्टेंबरातल्या चिठ्ठीत 'झकास' लिहिलं ते खोटं होतं. तवाच मी चौघीतून बाहेर गेली होती.

चाचणीत मी अन् अर्पिता जोडीनं खेळलो, दुसऱ्या दोघीयच्या विरुद्ध. सतरा होलनंतर बरोबरी. शेवटच्या होलवर मी दूरून चेंडू मारला, तो बिळापासून दीड हातावर थांबला. आता पाळी अर्पिताची. पण बापू, मले तो तसा अर्धवट पडलेला चेंडू पाहवलाच नाही. माह्या मनात तुमची पात होती. मी चालत गेली अन् मीच टाकला बिळात. टक करून आवाज आला. अर्पिता आपली काठी धरून तशीच उभी. पाळी सोडून मारलं की ते होल समोरच्या जोडीचं, हा नियम शाळकरी पोरगीलेही माहीत असते. ते होल गेलं, अन् होलासंग चाचणी गेली.

मॅडमनं शिव्या देल्या नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, संगीता, तुझा हात सहा जणींत सगळ्यात चांगला आहे, पण तुझा दुसऱ्यावर भरोसा नाही, आणि जोडी भरोशावर चालते. तवापासून मी राखीव आहो. पिशव्या उचलते, चेंडू पुसते. अर्पिता माह्यावर रागावली नाही, पण तवापासून तिचा हात कापाले लागला. दीड हाताचं सोपं मारणं चुकते. तिले वाटते, ती मारू शकत नाही म्हणूनच मी मारलं.

एकवीस तारखेले दुसरी चाचणी आहे. मी नाही थांबत. अठराची गाडी पकडून नागपूर, तिथून यवतमाळ, तिथून घर. तुमचा हात मोडलेला, याडी थैला घेऊन फिरते, अन् तीन एकर कापूस वावरात फुटून राह्यला. पोरगी कायसाठी आहे मंग? तुमचं काम मी पुरं करीन. इथं तशीही माही गरज नाही.

संगीता

.

मोहाचा तांडा
१४ ऑक्टोबर २०२४ (स्पीड पोस्ट)

चि. संगीता,

येऊ नको. आल्याबरोबर परत धाडीन.

तुही चिठ्ठी याडीनं मले वाचून दाखवली. पहिले मले राग आला, मंग लाज वाटली. तुले चौघीतून मी काढलं. मॅडमनं नाही, माह्या चिठ्ठीनं काढलं. मले त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, अन् मी इथं खाटेवर बसून तुले शिकवत होतो. मी तुले म्हटलं, तुह्या याडीवानी आपली पात

(थांब. आता कंसातलंही मी यायले मोठ्यानं वाचून दाखवणार आहो. संगीता, ते पातीचं सारं खोटं आहे. तुह्या बापूनं खोटं सांगतलं नाही, त्यायलेच माहीत नव्हतं. त्या दिवशी दुपारीच माह्या पोटात कळा आल्या. अर्धी पात झाली होती. मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली पडून राह्यली. धुरपताबाई अन् सुखीबाईनं आपापली पात सांभाळून माही पात दोघीत वाटून घेतली, अन् धुऱ्याले लावली. मले म्हणे, चूप राय, कोणाले बोलू नको, नाहीतं सदाशिवराव अर्धी मजुरी कापीन. घरी आली तं तुहे बापू दारात उभे. इतल्या खुशीनं म्हणाले, पात लावली? मी हो म्हटलं. लागली तं होतीच. कोणी लावली हे त्यायनं इचारलं नाही, मी सांगतलं नाही. पुढं ते साऱ्या गावाले सांगत फिरले, अन् मंग खरं सांगाची सोयच राह्यली नाही. निंदणात असंच असते, पोरी. आज तिची पात मी लावते, उद्या माही ती लावते. माणसायले धुऱ्यावरून साऱ्या पाती सारख्या दिसते.)

(वाचून दाखवलं. माह्या हातून कागद घेऊन सोता पाह्यला. मंग म्हणाले, बावीस वर्षं? मी म्हटलं, हो, बावीस. मंग म्हणाले, धुरपता अजून रोज दारावरून जाते, एका शब्दानं बोलली नाही. मी म्हटलं, तिले कायले बोलाचं? मंग प्लास्टरच्या हातानं डोळे पुसाले गेले तं प्लास्टर नाकाले लागलं. आता म्हणते, लिही.)

लिही म्हणतो तं आपलंच लिहीत बसते हे बाई! संगीता, आयक. शुक्रवारी सीतादही घातलं, पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, अन् वेचणी चालू केली. मी धुऱ्यावर बसून होतो, दुसरं काय करतो? तांड्यातल्या अकरा बाया आल्या. मी कोणाले बोलावलं नव्हतं. तुही याडी थैला वाटून दोन वाजता आली अन् तीही लागली. संध्याकाळपर्यंत दीड एकर झालं. मी दिवसभर पाहून राह्यलो अन् मले सारखं वाटे, उठावं, तिच्या हातातलं घ्यावं, असं नाही असं वेच म्हणावं. पण कापूस माह्यावाचूनही वेचल्या जाते, हे मले पन्नाशीत समजलं. वाईट वाटलं थोडं. मंग बरंही वाटलं.

तुह्या त्या बंगाली पोरीचा हात कापून राह्यला, ते जास्त वाईट आहे. आमचा कापूस आम्ही पाहू. तू तिथं राय अन् तिच्यावर भरोसा टाक. चुकली तं चुकली. तिकीट रद्द कर.

बापू
(अन् याडी. सारं बरोबर लिहिलं, एकही शब्द गाळला नाही.)

.

शिबिर, बंगलोर
२२ ऑक्टोबर २०२४

बापू, याडी,

स्पीड पोस्ट सतराले भेटलं. तिकीट रद्द केलं.

याडी, तुही गोष्ट मी अर्पिताले हिंदीत सांगतली. माही हिंदी अन् तिची हिंदी, निंदण म्हंजे काय हे समजवालेच अर्धा घंटा गेला. शेवटी ती म्हणाली, उस दिन तूने क्यूं मारा? मी सांगतलं. तिचा चष्मा ओला झाला, मंग मलेच म्हणते, पागल.

मॅडमजवळ जाऊन म्हटलं, मले अजून एक मोका द्या. त्यायनं एकच अट घातली. आपला फटका झाला की काठी लगेच पिशवीत. हातात धराचीच नाही. पहिल्या दिवशी मले असं वाटलं की कोणी हातच काढून घेतला. चार दिवस तेच केलं.

काल मी अन् अर्पितानं जोडीनंच चाचणी देली. दोन होल राखून जिंकलो. मी चौघीत आली बापू. आता तांड्यात सांगा. या खेपेले खरं आहे.

संगीता

.

बंगलोर
२५ नोव्हेंबर २०२४

बापू, याडी,

काल मोबाईल परत भेटले अन् पहिला फोन तुमालेच केला. मी 'तिसरा नंबर आला, पदक भेटलं' एवढं म्हटलं अन् तुमी म्हणाले, बाकीचं चिठ्ठीत लिही, फोनवर नको. मंग काहीच बोलले नाही. लाईन खराब होती का तुमी रडत होते, ते याडीनं कंसात कळवावं.

तं आता आयका.

उपांत्य सामन्यात थायलंडच्या पोरीयनं आमाले धुतलं. त्यायचं सांगण्यासारखं काही नाही, त्या लय चांगल्या खेळल्या. मंग तिसऱ्या नंबरसाठी मलेशिया. सकाळी दोन एकेरी, एक आम्ही जिंकलो, एक हारलो. म्हंजे सारं आमच्या जोडीवर आलं. दुपारी बारा वाजता मी अन् अर्पिता पहिल्या होलवर उभ्या राह्यलो, अंगावर निळा शर्ट, छातीवर तिरंगा. अर्पितानं आपला चष्मा तीनदा पुसला.

सतरा होलनंतर आम्ही एका होलनं पुढं. शेवटचं होल बरोबरीत सुटलं तरी आम्ही जिंकतो, अन् हारलो तं बरोबरी होऊन पुढं खेळा लागते. पहिला फटका अर्पिताचा होता. तिनं चेंडू सरळ झाडीत घातला. तिनं माह्याकडं पाह्यलंही नाही. खरं सांगते याडी, पहिलेची मी असती तं माह्या तोंडावर लिहून आलं असतं. पण मले त्या वक्ती काही वाटलंच नाही. चेंडू झाडीत आहे ना, तं झाडीतून काढू. मी आडवाच बाहेर काढला, जास्त शहाणपण केलं नाही. तिसरा फटका अर्पितानं मारला तो ग्रीनवर, बिळाभोवतीच्या बारीक गवतावर गेला. मलेशियाच्या पोरी पाच फटक्यात संपल्या. आता आमाले दोनात घालाचा होता. मी मारला. चांगला मारला, पण उतार वाचण्यात चुकली, अन् चेंडू बिळाच्या बाजूनं जाऊन अडीच हातावर थांबला.

अडीच हात. सरावात मी असा डोळे मिटून घालते. अन् अर्पितानं त्याच दिवशी असे दोन चुकवले होते. मी काठी पिशवीत टाकली. अर्पिता जवळ आली अन् हळूच म्हणाली, शोंगीता, काश तू मार सकती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिचा हात धरला, बरफासारखा थंड. मले लय बोलाचं होतं, बापू, उतार सांगाचा होता, जोर किती लावाचा ते सांगाचं होतं. पण मी एवढंच म्हटलं, चूका तो दोनों का चूका. अन् बाजूले झाली.

तिनं मारला. मी पाह्यलं नाही, मी तिच्या पायाकडं पाहून राह्यली होती. मंग आवाज आला बिळातून, अन् ती पोरगी तिथंच गवतावर बसली अन् लहान लेकरावानी रडाले लागली. मीही बसली. मलेशियाच्या पोरी येऊन आमच्या दोघीयच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

बापू, आजपर्यंत मी सोता कितीक चेंडू बिळात घातले असतील. पण जो मी घातला नाही, त्याच्यावानी खुशी मले एकाचीही झाली नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेले घरी येते. पदक मॅडमनं मोजून अन् सही घेऊन हातात देलं, तुमच्या रजिस्टरवानी.

तुमची संगीता

.

मोहाचा तांडा
१ डिसेंबर २०२४

चि. संगीता,

प्लास्टर निघालं. हे मी माह्या सोताच्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर थोडं वाकडं आहे, पण माह्यं आहे.

लाईन चांगली होती.

तुही चिठ्ठी काल आली. बोरीहून आलेल्या थैल्यात माह्या नावाचं पाकीट पाह्यलं तं पहिले शिक्का मारला, नियम म्हंजे नियम, अन् मंग तिथंच फोडलं. संध्याकाळी तांड्याचा मुखिया देवसिंग नायक, त्याच्या ओट्यावर सारे जमले. मी वाचत होतो. झाडीपर्यंत बरोबर वाचलं. अडीच हातापर्यंतही वाचलं. पुढं मले वाचताच येईना. सारे म्हणे, मंग काय झालं, मंग काय झालं? मी चिठ्ठी धुरपताबाईच्या बाजूले बसलेल्या तुह्या याडीले देली. तिनं पुढचं वाचलं.

धुरपताबाईले मी त्याच्यानंतर सांगतलं, ते बावीस वर्षांपूर्वीचं मले माहीत झालं म्हणून. ती म्हणते, कोणतं? तिच्या ध्यानातही नव्हतं. म्हणे अशा कितीक पाती लावल्या, कोणकोणत्या आठवू.

तुले सांगाले लय आहे. पण हे पत्र मी इथंच सोडतो. हात दुखते म्हणून नाही. पुढचं तुही याडी लिहीन. मी काय लिहिलं ते तिनं वाचलं आहे, ती काय लिहीन ते मी वाचणार नाही. चिकटवून सरळ पेटीत टाकजो म्हटलं.

बापू

संगीता,

हे कंस नाही, सरळच लिहिते. सोमवारपासून थैला परत त्यायच्या खांद्यावर जाईन. जाऊ दे, त्यायचं काम आहे. पण दोन महिने मी सहा गावं पाह्यले. तेवीस वर्षं संसार केला, बोरीच्या पुढं मी कधी एकटी गेली नव्हती. आता रपट्यावरून जाताना भेव वाटत नाही. परवा थैला ठेवून घरी आली, तं घर लहान लहान वाटलं.

ते अडीच हाताचं मी रात्री चुलीजवळ अजून एकदा वाचलं. मी आजवर तुह्या खेळाचं कधी इचारलं नाही. तुमी बाप-लेक बोला, मी भाकरी टाके. मले वाटे, तो मोठ्या लोकायचा खेळ, माह्यं त्यात काय काम. आता इचारते. पुढचा सामना कधी आहे, कुठं आहे, अन् मैदानात पाहाले बायायले आत येऊ देते का, ते लिही. तिकीट लागत असन तरी लिही. मी एकटी येईन, बापूले सोबत आणत नाही. त्यायले डाक आहे.

मले गवतावर दूर बसून पाहाचं आहे. चेंडू तुवा मारला की मी अर्पिताकडं पाहीन, अर्पितानं मारला की तुह्याकडं.

याडी